काय काय गेलं

पेव. अंगणात माणूसभर खोल खड्डा, तळाला नि कडेनं कडबा, वरून मातीनं लिंपलेलं तोंड. आत वर्षाची ज्वारी. उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही. आधी कंदील खाली सोडायचा, विझला तर थांबायचं. आतल्या कोंडलेल्या हवेनं माणसं मेलेली आहेत. पेवातल्या ज्वारीच्या भाकरीला उग्र वास यायचा. तो फार आवडायचा असं माझ्या वयाचे सगळे आता सांगतात. तेव्हा हेच लोक नाक मुरडायचे. मग सेनगाव-कळमनुरीकडं सोयाबीन आलं. ते घरात ठेवायचं पीक नव्हे, मळणी झाली की थेट मोंढ्यात. पेवं बुजवली. त्या जागी ट्रॅक्टर उभा राहतो.

मिलो. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी. दिवसभर खडी फोडायची, कामावर सुकडी मिळायची आणि रात्री मिलोची भाकरी. तिच्या आठवणीनं कुणी हळहळत नाही, पण आम्ही जगलो ते तिच्यावर. नातू ताटात टाकतो तेव्हा मी गप्प बसतो. दुष्काळ सांगत बसणाऱ्या म्हाताऱ्यांचा मला स्वतःलाच कंटाळा येतो.

नारू. पायातून सुतासारखी अळी बाहेर यायची. ती काडीला गुंडाळून रोज थोडी थोडी ओढायची. मध्येच तुटली तर पाय पिकायचा, ऐन पेरणीत माणूस खाटेवर. पायऱ्यांच्या विहिरीत रोग्याचा पाय बुडायचा आणि तेच पाणी गाव प्यायचं. या रोगावर ना लस निघाली ना औषध. फडक्यानं पाणी गाळणं, हातपंप, आणि दारोदार फिरून रोगी शोधणारे आरोग्य कर्मचारी, एवढ्यावर तो गेला. फेब्रुवारी २००० मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला. गावात पेढे वाटल्याचं आठवत नाही. पूर्वीचं पाणी किती गोड होतं, असं कुणी म्हणालं की मला वडिलांची व्रण पडलेली पोटरी आठवते.

मीटरगेज. पूर्णा, वसमत, हिंगोली, वाशीम, अकोला. २००८ मध्ये रूळ रुंद झाले. गाडी हळू चालायची, म्हणून ओळखी व्हायच्या, सोयरिकीसुद्धा जमल्या.

हळदीची उघडी कढई. आता शिजवायला कुकर आहे, पॉलिशला फिरता ड्रम आहे, वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. जाळाशी राबून भाजलेले बायकांचे हात मी पाहिले आहेत. कढई गेली ते बरं झालं.

परभणीचे हेलपाटे. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा झाला. निखळ आनंद.

उर्दू वाचून दाखवणारा माणूस. निजामाचं राज्य १७ सप्टेंबर १९४८ ला संपलं, खरेदीखतं मात्र पेटीत उर्दूच राहिली. वाद निघाला की तालुक्याला एखाद्या जुन्या कारकुनाकडं कागद न्यायचा. तो चष्मा पुसायचा, चहा सांगायचा, मग चतुःसीमा वाचायचा. अशी माणसं आता शोधावी लागतात.

भाऊबंदकी. त्याच कागदातल्या बांधावरून चुलतभावाशी माझं कितीतरी वर्षं बोलणं नव्हतं. निकाल लागायच्या आधी दोघांचे गुडघे गेले. बांधापर्यंत चालवत नाही, म्हणून दोघंही पारावर बसतो. जमिनीचं पोरं बघतील. तो चुन्याची डबी माझीच मागतो. स्वतःची त्याच्या खिशात असते, हे मला ठाऊक आहे.