विमानतळावर जहाज

२०१७च्या जूनमध्ये काळ्या समुद्रात, रशियाच्या नोव्होरोसिस्क बंदराजवळ एका कप्तानाला जीपीएसने सांगितलं, की तुमचं जहाज गेलेंजिकच्या विमानतळावर आहे. आसपासच्या वीसेक जहाजांचीही तीच गत. खिडकीबाहेर पाणीच पाणी, त्यामुळे थाप पचली नाही. ती दोनच मैलांची असती तर?

नौदलाच्या नॅव्हिगेटरला खरी धास्ती या छोट्या थापेची. सिग्नल गेला तर यंत्र निदान ओरडतं. बनावट सिग्नल गुमान खडकाकडे नेतो. सुमारे २०,२०० किलोमीटरवरून येणारा मूळ सिग्नल इतका क्षीण, की जवळचा लहानसा ट्रान्समीटरही त्याला बुडवतो. जायरोंवर चालणारी जडत्वीय यंत्रणा बाहेरचं काही ऐकतच नाही, म्हणून ती जॅम होत नाही. मात्र तिची बारीकशी चूक तासागणिक वाढत जाते, आणि मग तिलाही कुणीतरी खरं ठिकाण सांगावं लागतं.

किनारा दिसत असला तर प्रश्न नाही. मुंबईत शिरताना खांदेरी आणि प्राँग्जच्या दीपगृहांच्या दिशा घेऊन नकाशावर दोन रेघा मारल्या, की त्या छेदतात तिथे आपण.

खोल समुद्रात उरतं आकाश. सेक्स्टंटच्या आरशातून तारा खाली आणून क्षितिजाला टेकवायचा आणि कोन वाचायचा. ध्रुव त्यातल्या त्यात गुणी: क्षितिजापासून त्याची उंची म्हणजे जवळपास आपला अक्षांश, म्हणून मुंबईच्या अक्षांशावर तो साधारण १९ अंशांवर सापडतो. इतर ताऱ्यांना अचूक घड्याळ लागतं. विषुववृत्ताजवळ चार सेकंद चुकले, तर रेखांश एका सागरी मैलाने सरकतो. म्हणून एकाने तारा धरायचा, त्याने 'मार्क' म्हणताच दुसऱ्याने वेळ टिपायची. तारे उगवलेत पण क्षितिज अजून पुसलेलं नाही, तेवढ्यातच हे उरकायचं. आणि उष्ण कटिबंधातला संधिप्रकाश कुणासाठी थांबत नाही. पावसाळी ढगांपुढे तर उस्तादही हात टेकतात.

ही जुनी हौस नव्हे. अमेरिकेच्या नौदल अकादमीने बंद केलेला हा विषय २०१५मध्ये पुन्हा शिकवायला घेतला. भारतीय नौदलाचे निवृत्त कमांडर अभिलाष टोमी २०२२-२३च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत जीपीएसविना, सेक्स्टंट आणि कागदी नकाशांवर एकट्याने पृथ्वीला फेरी मारून दुसरे आले.

तरीही कसब ओळखावं ते ढगाळ रात्री. मुरलेला नॅव्हिगेटर पडद्याकडे पाहण्याआधी वेग, दिशा आणि वेळ यांवरून आपला ठिपका नकाशावर मांडतो. पडद्याचा आणि त्याचा ठिपका वारा-प्रवाहाच्या हिशेबापलीकडे फाकले, की तो वेग उतरवतो आणि इको साउंडरवरची खोली नकाशातल्या आकड्यांशी ताडू लागतो.