हाली सिक्क्याची नोट

जमिनीच्या जुन्या दाव्यांत अजूनही एखादे खरेदीखत पुढे येते आणि रकमेपुढे ‘हाली सिक्का’ हे शब्द दिसतात. तरुण वकिलांस त्यांचा अर्थ सांगावा लागतो. आमचे कल्याण १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. त्या राज्याचे नाणे निराळे आणि नोटही निराळी. ७ हाली रुपयांचे ६ कलदार होत. म्हणजे १०० कलदारांस ११६ रुपये १० आणे ८ पै हाली!

पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली, तेव्हा १९१८ साली कायदा करून हैदराबाद सरकारने कागदी चलन काढले. नोटा लंडनच्या वॉटरलो कंपनीने छापल्या. मोठ्या राज्याच्या पोटात राहून स्वतःची नोट काढणे स्कॉटलंडच्या बँकांनी आजवर चालविले आहे, पण तेथे नोटेवर सहसा इंग्रजीच दिसते. आमच्या नोटेवर मुख्य मजकूर उर्दूत आणि किंमत मात्र मराठी, कानडी, तेलुगू व इंग्रजीतही. रक्कम रयतेच्या भाषेत, वचन दरबाराच्या! हा भेद मला खटकतो. तथापि ज्या राज्यात कचेरीचा कारभार उर्दूत चाले, तेथे शेतकऱ्यास आपली अक्षरे सरकारी कागदावर भेटत, हेही थोडे नव्हे.

नोट म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ऋणपत्रच. ऋणादानाचा व दायविभागाचा विचार विज्ञानेश्वरांनी ‘मिताक्षरे’त केला, तो चालुक्यांच्या याच कल्याणात. पित्याचे ऋण पुत्राने फेडावे, हा त्यांतला धर्म. १९४८ च्या सप्टेंबरात ऋणकोचे घराणे सत्तेवरून गेले. परंतु त्याच्या नोटा मातीमोल झाल्या नाहीत. वारसाने, म्हणजे भारत सरकारने, तोच सातास सहाचा दर पाळला. गाठीला चार नोटा बांधून बसलेल्या विधवेस यापरता दुसरा न्याय कोणता हवा होता?

पुढे १९५६ साली वाटणी झाली, तीही नोटेवरच्या लिप्यांप्रमाणे. आमच्या बिदर जिल्ह्यातली उदगीर, निलंगा मुंबई राज्यात गेली, जहीराबाद आंध्रात, आणि कल्याण म्हैसूरकडे राहिले; घरात मराठी, बाजारात कानडी, असे. हाली चलन रद्द झाले ते त्यानंतर, १९५९ साली. वाटणी होऊन गेली तरी तीन वर्षे त्या कागदावर तिन्ही भाषा शेजारी नांदत होत्या.