दमल्यावरचं पाणी

कोकणातल्या देवबागला जमीन संपत आली की तिचा एक लांब, बारीक पट्टा उरतो. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी. पहाटे मधल्या माडांखाली उभं राहिलं की दोन्ही पाण्यांचे आवाज कानावर येतात आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. समुद्राचा आवाज दीर्घ श्वासासारखा. नदी मात्र गप्प, फक्त बांधलेल्या होड्यांच्या पोटाखाली बारीकशी चुळचुळ.

गेल्या हिवाळ्यात तीन दिवस मी या पट्ट्यावर दोन बोर्ड घेऊन होतो. उभ्यानं वल्हवायचे, शर्यतीचे बोर्ड. मित्रांकडून मागून आणलेले. दोन्ही 14 फूट लांब. पण एक 22 इंच रुंद, दुसरा 25. मला एकच घ्यायचा होता. तीन इंचांचा प्रश्न, म्हणजे हाताची चार-पाच बोटं. त्या चार-पाच बोटांनी माझी झोप उडवली होती.

पहिल्या सकाळी मतलई वारा होता, खाडी आरशासारखी. मी अरुंद बोर्ड पाण्यात लोटला. त्याचं नाक सुरीसारखं उभं आणि सरळ. ते पाण्यावर चढत नाही, पाणी कापत आत शिरतं. उभं राहायची जागा खोलगट, म्हणून पाय पाण्याच्या पातळीजवळ येतात आणि अंगाचा भार खाली राहतो. पंधरा-वीस वल्ह्यांनंतर बोर्डाला लय सापडली आणि पायांखाली एक सलग, न तुटणारा सळसळाट सुरू झाला. खंड्या काठावरच्या खुंटावरून उडालासुद्धा नाही. पायांखालचा तो सळसळाट मला अजून ऐकू येतो.

या वेगामागचं कारण मला फार सुंदर वाटतं. पाण्यावर चालणारी प्रत्येक गोष्ट स्वतःची एक लाट घेऊन चालते. वेग वाढतो तशी ती लाट लांबत जाते. शेवटी तिचा एक माथा नाकाशी आणि दुसरा शेपटीशी येतो, आणि पुढे जायचं तर स्वतःच केलेल्या लाटेचा चढ चढावा लागतो. 14 फुटांच्या लांबीला ही वेळ ताशी साधारण 9 किलोमीटरला येते, साडेबारा फुटांना थोडी आधी. म्हणून लांबी हवी. आणि बोर्ड जितका अरुंद, तितकं कमी पाणी बाजूला सारावं लागतं. खाडीत त्या सकाळी याविरुद्ध बोलायला माझ्याकडे काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी समुद्राच्या बाजूला गेलो. वारा फिरला होता आणि लाटा आडव्या येत होत्या. समोरून येणाऱ्या लाटेचं काही नसतं, ती दिसते. आडवी लाट मात्र गुडघ्यालाच कळते. ते सुरीसारखं नाक पुढच्या लाटेच्या पाठीत रुतायचं आणि बोर्ड जागच्या जागी थबकायचा. माझी दोन वल्ही पुढे जायला तर तिसरं न पडण्यासाठी. वल्हं पाणी ओढायचं सोडून टेकूची काठी झालं होतं. 25 इंची बोर्डाचं नाक भरदार, किंचित वर उचललेलं. त्याचा तळ नाकापासून शेपटीपर्यंत हलकासा वाकलेला असतो, त्या बाकाला रॉकर म्हणतात. असा बोर्ड लाटेत शिरत नाही, तिच्यावरून जातो. खाडीत मात्र हाच बाक नडतो. सपाट पाण्यावर तो थपथपतो, आणि पाण्याला टेकलेली लांबीही कमी भरते.

जगात या दोन पाण्यांच्या दोन टोकांच्या शर्यती आहेत. नेदरलँड्समध्ये फ्रीसलंडच्या कालव्यांतून अकरा गावांना जोडणारी 220 किलोमीटरची शर्यत होते, पाच दिवसांची. तिथं अरुंद बोर्डाचं राज्य. हवाईत मोलोकाई बेटापासून ओआहू बेटापर्यंत कैवी सामुद्रधुनी ओलांडायची, 32 मैल, उघड्या महासागराच्या लाटांवर स्वार होत. तिथं नाक वर असलेलाच हवा. दोन्हीकडच्या स्पर्धकांचं मला कौतुक आहे, हेवाही वाटतो, कारण त्यांना आपलं पाणी आधी ठाऊक असतं. माझं मन ओढ घेतं ते तिसरीकडे, अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिनातल्या राइट्सव्हिल बीचच्या शर्यतीकडे. तिचा लांबचा मार्ग 13.2 मैलांचा. समुद्र, समुद्राला मिळणारी मुखं आणि आतलं शांत पाणी, सगळं एकाच फेरीत. आपल्याकडे मार्च 2024 मध्ये मंगळुरूजवळ ससिहितलूला आंतरराष्ट्रीय पॅडल महोत्सव झाला. तिथंही शांभवी आणि नंदिनी नद्या समुद्राला मिळतात. नकाशात ती जागा पाहिली तेव्हा देवबागची सख्खी बहीण पाहिल्यासारखं वाटलं.

त्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन्ही बोर्ड वाळूत पालथे घातले होते. शेजारचे आबा आले. सगळं आयुष्य रापणीवर, किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, तांडेल म्हणून गेलेलं. त्यांनी अरुंद बोर्डाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "ह्येका उलांडी खय आसा?"

मी म्हटलं, "आबा, ह्येका उलांडी नसता."

त्यांचं बरोबर होतं. आपल्या उलांडीच्या होड्या अरुंदच असतात, पण बाजूला लाकडाचा आधार घेऊन चालतात. बोर्डाला तो आधार नाही. जो काय तोल हवा तो रुंदीच्या इंचांतच मोजून घ्यावा लागतो. मग आबांनी रापणीच्या होडीकडे मान वळवली. तिची नाळ उंच, फुटत्या लाटेतून जाळं बाहेर न्यायला केलेली. आणि अगदी सहज विचारलं, "दमतलंस तेव्हा खयच्या पाण्यात आसतलंस, ता सांग आधी."

मी तीन आठवडे वजन, आकारमानाचे लिटर आणि इंच यांची गणितं करत होतो. दमण्याचं पाणी मी एकदाही मोजलं नव्हतं. प्रत्येक वेळी मनातला मी ताजाच होतो, पहाटेचा, मतलई वाऱ्यातला.

तिसऱ्या दिवशी म्हणून उलटं केलं. आधी खाडीत दहा किलोमीटर वल्हवून अंग रिकामं केलं, आणि सुकतीच्या ऐन वेळी मुखाशी गेलो. आबांची होडी जवळ होती, अंगात जॅकेट, पायाला बोर्डाशी बांधणारी दोरी, लीश. सुकतीचं पाणी बाहेर धावतं, समुद्राच्या लाटा आत येतात, आणि जिथं दोघं भिडतात तिथं पाणी जागच्या जागी उभं राहतं. अरुंद बोर्डावर मी तीनदा पडलो. पडणं फारसं लागत नाही. पण वर चढून, उभं राहून, पुन्हा लय लागेपर्यंत खाडीत कमावलेलं सगळं वाहून जातं. परत येऊन दुसरा बोर्ड घेतला. पाय थरथरत होते ते तसेच. तरी उभा राहिलो. पिवळ्या खुणेच्या डब्याला वळसा घालताना दोन पावलं मागे शेपटीवर गेलो, नाक हवेत उचललं गेलं आणि बोर्ड स्वतःभोवती फिरला. शेपटी रुंद होती म्हणूनच ते जमलं.

तरीही त्या रात्री मी अरुंद बोर्डासाठी खरोखर हळहळलो. खाडीतला तो सळसळाट मला सोडवत नव्हता. सगळ्या पाण्यांत चालणारा बोर्ड घेणं म्हणजे एका पाण्यातलं सर्वोत्तम सोडून देणं, आणि त्याचं दुःख होऊ द्यावं असं मला वाटतं. फक्त उत्तम सकाळच्या हिशेबानं बोर्ड घेणारे पुष्कळ भेटतात. त्यांचे बोर्ड वर्षभरात भिंतीला टेकलेले दिसतात.

मी साडेचोवीस इंची घेतला. वजन एका खांद्यावर पेलण्यासारखं. भरदार नाक, खोलगट जागा, आणि आत आलेलं पाणी निघून जायला मागे भोकं. तो आता आबांच्या मांगरात रापणीच्या होडीशेजारी असतो. पहिल्या दिवशी तो आत ठेवला तेव्हा आबा जवळ आले. नाळीला डांबर लावताना हात फिरवतात तसा त्यांनी बोर्डाच्या नाकाखालून हात फिरवला, बराच वेळ. मग दाराशी जाऊन पाण्याकडे पाहिलं.

"सुकती लागली," म्हणाले. "चल."