खरवडणीची धार

पालखीच्या दांड्याला पडलेली चीर इपॉक्सीने भरली. आता वर राहिलेला उंचवटा कसा काढावा, हा प्रश्न आम्हां महाजनांपुढे आला. कोणी काचकागद सुचविला. मेस्तांनी तो मानला नाही, आणि आम्ही पेशाने वकील असूनही त्यांचा युक्तिवाद आम्हांस खोडता येईना. घर्षणाने तापून इपॉक्सी मऊ होते, कागद भरून जातो. शिवाय इपॉक्सी कठीण, म्हणून भोवतालचे जुने लाकूडच आधी झिजते. धूळ छातीत जाते ती निराळीच. खरवडणीने कीस निघतो. मात्र इपॉक्सी पुरते घट्ट झालेले हवे, आणि वर मेणचट थर आला असल्यास तो आधी पाण्याने धुवावा.

मेस्तांनी जुन्या करवतीच्या पात्याचा तुकडा घेतला. दांडा गोल, म्हणून अर्धगोल कानशीने पात्याची कड खोलगट केली. परंतु दांड्याच्या गोलाईहून किंचित उथळ, आणि कोपरे बोथट. पूर्वजांच्या नक्षीवर ओरखडा उमटला तर तो कोण पुसणार?

लाकडासाठी कडेवर गुळगुळीत पोलादी दांडी दाबून बारीक आकडी वळवितात. इपॉक्सीला कानशीची ताजी धारच पुरते. आकडी फार टिकत नाही. टंगस्टन कार्बाइडचे पाते पुष्कळ टिकते खरे, पण त्याला कानस लागू पडत नाही, हिऱ्याची सहाण लागते.

किसाऐवजी पीठ पडू लागले की मेस्त हात थांबवीत आणि कानस उचलीत. किती वेळा, ते मोजणे आम्ही लवकरच सोडून दिले.