लुप्तविभक्ति

गेल्या श्रावणांत आमचा नऊ वर्षांचा नातू शाळेची वेळ झाली कीं पोट दुखतें म्हणूं लागला. वैद्य झाले, काढे झाले. रविवारीं मात्र पोट निमूट! दुखणें शाळेंत आहे, हें प्रथम ओळखलें तें आमच्या सूनबाईंनीं. एके रात्रीं दिवा मालवल्यावर मुलाचें तोंड उघडलें. बोलतांना तो अडखळतो. वाचनाच्या तासाला दोन मुलें त्याची नक्कल करतात, नि सारा वर्ग हंसतो.

३६ वर्षें शिक्षकी केलेल्या आम्हीं यावर काय सांगितलें? "लक्ष देऊं नकोस, बाळ." तो म्हणाला, "आजोबा, मी त्यांच्याकडे पाहतच नाहीं. पण ऐकूं येतें ना!"

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. आमच्याच वर्गांतला एक कृश मुलगा आठवला. शब्द चालवितांना तो चुकला, तेव्हां आम्ही त्याला 'लुप्तविभक्ति' म्हणालों. वर्ग हंसला, आम्हांसही आपल्या विनोदाचें कौतुक वाटलें. तें नांव शाळा सुटेपर्यंत त्याला चिकटलें, आणि पुढील वर्षीं त्यानें संस्कृतच सोडलें.

फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठाच्या क्रिस्टीना साल्मिवाल्ली यांनीं सहकाऱ्यांसह १९९६ सालीं दाखविलें कीं, अशा छळांत छळणारा व सोसणारा असे दोघेच नसतात. कोणी साह्य करतो, कोणी हंसून उत्तेजन देतो, कोणी नुसता बाजूस होतो. एखादाच पाठीशीं उभा राहतो. यांत आमची जागा कोणती, तें वाचकांनींच ठरवावें.

त्या दोन मुलांच्या घरीं जाऊन भांडावें, असा चिरंजीवांचा बेत होता. तो आम्हीं मोडला. सूनबाईंनीं वार, तास व प्रसंग वहींत टिपले. शाळेनें हात झटकलेच तर असावा म्हणून १०९८ हा बालसाहाय्याचा क्रमांकही लिहून ठेविला. मग वर्गशिक्षिकाबाईंस एकांतांत भेटलों. आधीं स्वतःचा जुना अपराध सांगितला, तेव्हां त्यांच्या कपाळावरची आठी गेली. नातवाचें नांव घेऊन वर्गाला उपदेश करूं नये, एवढीच विनंती केली. त्यांनीं साऱ्या वर्गाचें वाचन जोडीजोडीनें सुरू केलें. दुसऱ्याबरोबर एका सुरांत वाचतांना अडखळणाऱ्याची जीभ बहुधा मोकळी चालते. त्याचा जोडीदार नेमला गेला तो पूर्वीं हंसणाऱ्यांतलाच एक.

नक्कल अजून पुरती थांबलेली नाहीं. परवां मात्र तो जोडीदार पुस्तक घेऊन घरीं आला. दोघे ओटीवर मोठ्यानें वाचीत होते. एक उच्चार चुकला. तो सुधारावयास आम्ही उठलों, आणि पुन्हां खालीं बसलों.