रानभेंडीची फुले

श्रावण सरत आला की येऊरच्या पायथ्याशी रानभेंडी फुलते. पिवळ्या पाच पाकळ्या आणि मध्यभागी गडद जांभळा डोळा! भाजीची भेंडी, जास्वंद, कापूस हे सारे तिचेच गणगोत. मात्र तिचे फूल सकाळी उमलते आणि सायंकाळी मिटून जाते.

मरियामातेच्या जन्मोत्सवापूर्वीची नोव्हेनाची प्रार्थना ३० ऑगस्टला सुरू होई. इतर मुले बाजारातील शेवंती, गुलाब आणीत; आम्हां भावंडांच्या हाती मात्र हीच फुले. देठांवरची कुसे बोचत. त्याहून अधिक लाज बोचे. एकदा तर आम्ही ती वाटेतच टाकून दिली. आईला ते कळले. ती रागावली नाही, एवढेच म्हणाली, "संध्याकाळी कोमेजणार म्हणून तर सकाळीच द्यायचं, बाळांनो."

आज आम्ही डोंबिवलीत राहतो. आई आता नाही. गेल्या ८ सप्टेंबरला इमारतीच्या कुंपणाबाहेर एक रानभेंडी फुललेली दिसली. प्रभूने शलमोनाच्या वैभवाहून रानफुलाला थोर का मानले, ते त्या दिवशी उमगले. सकाळच्या मिस्साबलीपूर्वी ती फुले आम्ही मरियामातेच्या चरणी वाहिली. हाताला कुसे बोचली. लाज मात्र कुठेच नव्हती.