हलू नका, आबा!

परंड्यात कुणाचा फोटो काढायचा झाला की मंडळी किल्ल्यात जातात. पाहुणे आले, सोयरीक ठरली, साहेबांची बदली झाली (ही तर विशेष आनंदाची गोष्ट!) की चला किल्ल्यात. बुरुजांवर तोफा आहेत, आणि फोटो काढणाऱ्याच्या दृष्टीने तोफेसारखं गुणी गिऱ्हाईक नाही. हलत नाही, डोळे मिटत नाही, "माझी ही बाजू घ्या" म्हणत नाही. तरी इथली एक तोफ हललीच. मुलूखमैदान. १६३२ साली आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने ती विजापूरला नेली. ५५ टनांचं म्हणतात ते धूड जागचं हललं, तर सत्तर किलोच्या माणसाने स्वस्थ उभं राहावं ही अपेक्षा मी कोणत्या तोंडाने करावी?

आमच्या लहानपणी घरात क्लिक-थ्री नावाचा कॅमेरा होता. एका रोलवर १२ फोटो. त्यात फोकस करायची सोयच नव्हती, म्हणून माणूस जरा लांब उभा केला की झालं. आता यंत्र स्वतःच फोकस करतं. पण त्याला ठळक रेघांची ओढ भारी. समोर आपली सौभाग्यवती आणि मागे किल्ल्याचे चिरे असले, तर ते खुशाल चिरे पसंत करतं. घरी जाब मात्र आपल्याला द्यावा लागतो! तेव्हा ही निवड यंत्रावर सोडू नये. कॅमेऱ्यात मधला एकच बिंदू ठेवावा आणि तो माणसाच्या आपल्याकडच्या डोळ्यावर टेकवावा. मोबाइल असेल तर पडद्यावर चेहऱ्याला बोट लावावं. त्याआधी भिंग पुसावं, कारण त्यावर कालच्या भज्यांचं तेल असतं. डोळे स्पष्ट आले की नाक-कान सांभाळून घेतात.

दोन रांगांचा ग्रुप असेल तर भिंगाचं तोंड बारीक करावं, म्हणजे पुढचे आणि मागचे दोघेही स्पष्ट येतात. गंमत अशी, की यात आकडा मोठा तेवढं तोंड लहान. आठचं तोंड चारपेक्षा बारीक. कॉमर्सच्या माणसाला हे पचायला जड. पण कर्जखात्यातला आकडा वाढेल तसा खातेदार लहान होत जातो हे मी रोज पाहतो, त्यामुळे मला पटलं. मात्र तोंड बारीक केलं की उजेड कमी पडतो, शटर रेंगाळतं आणि तेवढ्यात माणूस हलतो. म्हणून शटर सेकंदाच्या १/२५० भागाहून हळू होऊ देऊ नये. तेवढ्या वेळात माणूस फारसं काही करू शकत नाही. आमच्या काउंटरवर तर अर्ध्या तासातही नाही!

एवढा आटापिटा कशासाठी, असं कुणी विचारील. त्याचं उत्तर माझ्या टेबलावर आहे. मयत खातेदाराचा अर्ज घेऊन मुलगा येतो. सगळे कागद देऊन झाले की घुटमळतो आणि हळूच विचारतो, "साहेब, खात्याच्या फॉर्मवरचा बाचा फोटू मिळंल का? भिंतीवर लावायला दुसरा न्हाई." दुसरा असतो, लग्नातला. पण तो मोठा केला की बाप धुक्यात जातो आणि मागचा मंडप खणखणीत येतो.

म्हणून नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला आली, की जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना बाहेर लिंबाच्या सावलीत उभं करतो. उन्हात टोपीची सावली नेमकी डोळ्यांवर पडते. बँकेला ते जिवंत असल्याचा पुरावा लागतो. घरच्यांना पुढे ते जिवंतपणी कसे दिसत याचा.

परवा एक आबा आले. ऐंशीच्या पुढचे. मी म्हटलं, "हलू नका, आबा."

"म्या कुठं हाललो? वारं हाललं."

चौथ्या फोटोत वारं थांबलं. पडद्यावर डोळा मोठा करून दाखवला. पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा! आबांनी निरखून पाहिलं.

"साहेब, ह्याच्या दोन काढा. एक लेकाला. एक तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. फुडल्या साली म्या न्हाई आलो, तर हीच दाखवा आन् दाखला घ्या."

नियमात बसत नाही म्हणून सांगितलं. फोटो चालणार नाही, पुढच्या नोव्हेंबरात स्वतःच हजर राहायचं. बँकेचा नियम मी इतक्या कळकळीने आजवर कुणाला सांगितला नसेल.